बर्गे

दिवाळी सरली की बा बंधाऱ्यावर जायचा, बर्गे घालायला.
दगडी खांबांच्या खाचांत एकेक फळी उतरवायची,
तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी,
मागं तशीच आणखी एक रांग,
आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत चिखल,
पायानं तुडवून.
एवढंच.
एवढ्यानं भोगावती थांबायची
आणि आठ गावांचा ऊस उन्हाळा काढायचा.

जूनच्या तोंडावर सगळं उलटं.
फळ्या वर ओढायच्या, फुगलेल्या, शेवाळलेल्या,
दोघांना न हलणाऱ्या.
याला बा ‘नदीचं दार काढणं’ म्हणायचा.

प्रत्येक फळीवर डांबरानं नंबर घातलेला.
बा नंबर बघायचाच नाही.
ही ऐनाची, देवळामागची.
ही जांभळाची, तुळसाकाकीच्या परड्यातली,
हिच्यावरनं पडून माझा हात मोडलेला.
मला वाटायचं, थट्टा करतोय.
मुकादम हिंदुराव ओरडायचा,
केरबा, लाकडाशी नंतर बोल, हजेरी मांडायची आहे.

वरचं धरण म्हणे राजाच्या अमदानीत निघालं,
मग पैशापायी थांबलं,
मग राज्य गेलं, देश आला, काम पुन्हा निघालं.
पाणी वाडीच्या उंबऱ्याला लागलं
तेव्हा बाला मिसरूड फुटत होती.
त्याआधी साहेब येऊन गेले.
माणसांना नोटिसा दिल्या, झाडांना नंबर.
झाडांचा लिलाव झाला.
वखारवाल्यानं उभी घेतली, आडवी विकली,
पाटबंधाऱ्याच्या ऑफिसनं फळ्या घेतल्या.
माणसं एका रस्त्यानं खाली आली, झाडं दुसऱ्या,
आणि कुणी न ठरवता
बंधाऱ्यावर गाठ पडली.

वाडीचं नाव सांगत नाही.
नकाशात तिथं निळा रंग आहे.

पुढं लोखंडी बर्गे आले.
लोखंड चोरीला जातं, भंगारात किलोवर खपतं,
लाकडाला कोण विचारतंय.
बानं जांभळाची फळी मागून घेतली
चाळीस रुपये भरून, पावतीसकट.
पावती देव्हाऱ्यात होती.
नदीकाठच्या गल्लीत, आमच्या दोन खोल्यांत,
फळीवर पाण्याच्या घागरी असायच्या.
बा गेला त्या दिवशी घागरी खाली काढल्या
आणि त्याला शेवटची अंघोळ तिच्यावर घातली.

त्या साली मच्छिंद्री झाली, आणि पाणी त्याच्याही वर गेलं.
बातम्यांत सांगत होते,
राधानगरीचे दरवाजे उघडले.
ते आपोआप उघडतात. पाणी चढलं की उघडतात.
कुणाला विचारत नाहीत, कुणावर रागही काढता येत नाही.
टीव्हीवर अलमट्टी, क्युसेक, एकमेकांचे आकडे.
लाइट गेली तसे आकडेही गेले.

ऐंशीला टेकलेली आई उठली.
म्हणाली, फळी आण.
उंबऱ्यावर आडवी लावली, मागं पाटा टेकवला.
भेगांत भरायला चिखल कुठला?
परातीत भाकरीचं पीठ मळलेलं होतं,
ते तिनं अंगठ्यानं दाबून दाबून भरलं,
बा चिखल भरायचा तसं.
आणि आम्ही दाराकडं बघत बसलो.

पाणी दारातनं आलंच नाही.
मोरीतनं आलं.

आठ दिवस शाळेच्या वर्गात काढले.
परतलो तेव्हा गल्लीत गाळाच्या खपल्या उडत होत्या.
फ्रिज उताणा. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ.
मोरी गाळानं बुजलेली,
आणि फळी जागच्या जागी.
तिच्या आत, घरभर, वीतभर नदी
तिनं अडवून धरलेली.

आई बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, काढ आता. दार काढ.
मी वाकले, दोन्ही हातांनी धरली.
फुगली होती.
एकटीला निघेना.