पाजवणं

आमच्यात धार लावत नाहीत, पाजवतात.
सुरीला तहान लागते म्हणे.
बाप, लिंबाजी भोई, आधी दगडाला पाणी पाजायचा,
मग दगडाकडून सुरीला,
आणि मला म्हणायचा, घाई नगं करू,
पिणाराला ठसका लागतो.

विष्णुपुरीची मरळ
इतवाऱ्यात माझ्या पाटावर येते तरी
शेपटी आपटायचं सोडत नाही.
तिचं कातडं म्हणजे ओला साबण.
आरशासारखी धार त्यावरून नुसती घसरते.
तिथं पाहिजे थोडी खरखर, मांजराच्या जिभेएवढी,
म्हणून मरळीची सुरी मी जाड दगडावरच थांबवते.
कांद्याची सुरी पुढं नेते,
तळहाताएवढ्या काळ्या गोट्यावर,
जो बापानं नदीतून आणला होता
की चोरला होता कुणाच्या ओट्यावरून,
त्यानं शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही.

पोरानं, संकेतनं, मोबाईलवरून डबी मागवली,
दोनशे नव्व्याण्णव रुपये, आत दोन बारकी चाकं.
सुरी ओढली की कर्रर्र.
आठ दिवस टमाटं बघताच फाकायचं.
महिन्यानं पात्याच्या कडेला लाटा उठल्या,
पाणी नसलेल्या लाटा.

हाजराबी कप उपडा करते,
बुडाच्या खरबरीत कडेवर दोनदा इकडं, दोनदा तिकडं,
आणि चहात अद्रक टाकते.
टिकत नाही गं, म्हटलं.
चहा होईस्तोवर टिकली, म्हणाली,
अजून किती टिकायला पाहिजे?

घरी सोजरआत्याची विळी.
विळी कुणाच्या दारात जात नाही,
पाटाला जखडलेली,
दगडानंच तिच्याकडं यावं लागतं.
चार महिने कुणी गेलं नाही,
तर भोपळा चिरताना तिनं
आत्याच्या अंगठ्याचं पेर घेतलं.
चिंधी बांधताना आत्या विळीला नाही, मला बोलली :
बोथट झाली की जोर लावावा लागतो माय,
आन् जोर लावला की हात कुठं जाईल
ते हाताला बी ठाऊक नसतंय.

मग मी बापाची सुरी घेऊन निघाले शिकलकराकडं.
हरपालसिंग सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत होता,
ठिणग्यांच्या मागं पोरं उभी.
त्यानं सुरी घेतली,
नखावर टेकवून पाहिली,
उजेडात आडवी धरली एक डोळा मिटून,
आणि परत दिली.
कोयता आणा बाई, कुऱ्हाड आणा.
माझं चाक खादाड हाय,
पाण्यावर भागत न्हाई त्याचं.
हिच्यात आता त्याला खायला किती उरलंय?

सायकलच्या ट्यूबची तिची खोळ
बापानं शिवली तेव्हा सुरी तीन बोटं रुंद होती.
आता दीड. खोळीत खुळखुळते.
उरलेलं दीड बोट
राखाडी पाणी होऊन गेलं,
रोज सकाळी पाटाखालून नालीत,
नालीतून गोदेत,
कुण्या मरळीच्या पोटात गेलं असेल तर
ती माझ्याकडंच आली असेल परत.

रात्री संकेत विचारत होता,
मग सगळ्यात चांगलं कोणतं, आई?
मी म्हटलं, ज्यात कमी जातं ते.
त्याला ते उत्तर वाटलं नाही.
मग दोन रुपयांची दोन नाणी
एकावर एक ठेवली पात्याच्या पाठीखाली :
एवढाच कल.
आता नाणी काढ. कल मात्र हलू देऊ नको.

आज दुकानात तो मागं बसलाय.
मी पाठ करून कटल्याचे खवले उडवतेय.
खर्र, खर्र. उभी धरलीस.
मी बोलत नाही.
किर्र. आता फार निजवलीस.
गिऱ्हाईक म्हणतंय डोकं वेगळं द्या,
वजन करताना डोकं धरू नका,
मी हो म्हणतेय, नाही म्हणतेय,
आणि मधेच मागून
सूऽऽ
ओल्या दगडावरून पातं जातं तसा,
बरोबर तसा.

काय झालं हो बाई,
काटा बघा ना,
गिऱ्हाईक म्हणालं.