मुळाबरहुकूम

निपाणीत पिक्चर लागला, त्या खुन्यावरचा.
नातवानं तिकिटं काढली.
म्हणाला, आजोबा, तुमच्या वेळची केस.

पडद्यावरचा इन्स्पेक्टर उसातून धावतो.
आमचे चिक्कमठ साहेब धावले नाहीत.
सतराव्या दिवशी त्यांची बदली झाली बळ्ळारीला;
जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, चप्पल बघा.

चप्पल दूधगंगेच्या अलीकडे सापडली होती,
बाई पलीकडे.
चप्पल आमच्या मुद्देमालात, चिठ्ठी कन्नडमध्ये;
पाय त्यांच्या शवागारात, पंचनामा मराठीत.
दोघांची गाठ पडायला अकरा आठवडे,
हद्द कुणाची यावर सहा पत्रं
आणि एक अनुवादक लागला.
तो मी.

बाळाबाई तळवारचा नवरा रोज यायचा.
खिडकीतून मान वर न करता उत्तर मिळायचं,
नाळे बन्नी. उद्या या.
त्या साली गल्लीत दारोदार खडूनं हेच लिहिलेलं,
रात्री हाक मारणाऱ्या भुतासाठी.
भूत म्हणे वाचून माघारी जातं.
तळवारला वाचता येत नव्हतं,
तो आपला येत राहिला.

पिक्चरमध्ये एक कारकून आहे.
बशीत चहा ओततो, फुर्र करतो,
कप फायलीवरच ठेवतो.
थेटर हसलं. मीही हसलो की.

माझ्या टेबलावर कप नव्हता.
लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, थोरलीच्या,
आणि त्याखाली ती फाईल, नऊ दिवस.
सातव्या दिवशी द्रौपदा वखारीतनं सुटली
आणि कोगनोळीच्या फाट्यावर उभी राहिली
वडाप मिळतंय काय बघत.

पिक्चरमध्ये ती किंचाळते.
खरं काय ते मला ठाऊक नाही.
कागदावर तसा शब्द नव्हता,
आणि कागदाबाहेरचं मी कधी लिहिलं नाही.
खाली लिहिलं, भाषांतर मुळाबरहुकूम.
सही केली.
तारीख तेवढी नऊ दिवस मागची घातली.

शेवटी बेड्या, शिट्ट्या, टाळ्या.
दिवे लागले.
पुढच्या रांगेतल्या वखारीच्या बायका
खुर्चीखाली पायानंच चपला चाचपू लागल्या,
अंगाला तंबाखूचा वास, तोंडात पिक्चरची चर्चा.
एकीला एकच सापडली.

नातू म्हणाला, चला आता.
मी गुडघे टेकून खाली वाकलो होतो,
शेंगांच्या टरफलांत हात घालून.

उजव्या पायाची, बाई म्हणाली,
उजव्या पायाची बघा.