उभ्या गाडीचा भाव

अंजनगावला चांडकांच्या जिनात
सरकीच्या पोत्यांमागे उभी होती ती.
एम.जी., दोन सीटची, बावन्न सालची.
ताडपत्री उंदरांनी कुरतडलेली,
डाव्या दिव्यात कुंभारीण माशीचं घर.

पहिला माणूस आला तेव्हा मी मॅट्रिकला होतो.
म्हणाला, भंगारात आठ हजार.
शेठ म्हणाले, राहू दे, खायला थोडीच मागते.
दुसरा नागपूरहून. दीड लाख.
तिसऱ्यानं ताडपत्री पूर्ण उचललीही नाही,
फोनवरच कुणाला तरी अकरा लाख म्हणाला
आणि जाताना सरकीवर शिंकला.

मी खात्याचा पोर.
भाव म्हणजे काय ते शंकरपटात शिकलो.
जोडी सुटते, घड्याळ सुटतं,
आठ सेकंदांच्या आत आली
की त्याच संध्याकाळी दारात गिऱ्हाईक,
रुमालाखाली बोटं धरून.
धावलं तर मोल.
लंगडलं तर बाजार.
ही मात्र उभ्या उभ्या वाढत गेली,
हवा गेलेल्या चाकांवर,
दर दिवाळीला थोडी अधिक.
"म्या जलमात असा बैल नाई पाह्यला,"
बावा म्हणायचा,
"दावनीले बांधून महाग होनारा."

तिचं धावणं बावानं पाहिलं होतं.
सत्तरच्या आसपास, पौषात,
धाकट्या शेठनं पैज लावली
उकंडा ढोरेच्या जोडीशी.
गाडीनं मोठा आवाज केला.
बैलांनी शेपट्या उचलल्या नि गेले.
काळ्या मातीत तिची मागची चाकं
बसली ती बसलीच,
मग तीच जोडी परत आणून
नाड्यानं ओढून काढावी लागली.
शेठ हसत होते, बैल धापा टाकत होते.
दिवेलागणीला रुमालाखाली जोडीचे चार हजार झाले.
गाडीचं कुणी विचारलं नाही.

ओढताना तिचा सांगाडा फाटला.
आतून लाकडाची आहे, हे त्या दिवशी कळलं गावाला.
विलायती लाकूड, फिकट,
वाळवीनं आधीच चाखलेलं.
बावानं परतवाड्याहून सागवान आणलं,
दमनीची घडाई मोटारीला केली,
सोळा तुकडे.
मजुरी पासष्ट रुपये, दोन हप्त्यांत,
जिनाच्या वहीत अंगठा.

चौथा पुण्याचा. गुडघे टेकून आत शिरला,
बॅटरी तोंडात धरून.
इंजिनाचा नंबर जुळला तेव्हा चक्क हात जोडले त्यानं.
मग लाकडावर नख मारलं.
"हे मूळचं नाही."
नाही, मी म्हणालो, हे टिकलेलं आहे.
ऐकलं की नाही कोण जाणे,
कागदावर लिहिलं, वजा सहा लाख.
पासष्ट रुपयांचं काम, पन्नास वर्षांनी
वजा सहा लाख.
बावाचं इतकं वाढलेलं
मी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

चौतीसला सौदा झाला. रुमाल नव्हता.
अंजनगावातनं ती सगळ्यात वेगानं गेली
ती ट्रकवर चढून,
मागे वेशीपर्यंत पोट्टे.

मार्गशीर्षात पार्सल आलं.
विलायतेहून फिकट लाकूड मागवून बसवलं म्हणे,
जुनं मी मागून ठेवलं होतं.
भाडं अकराशे, घेणाऱ्यानं भरायचं.
भरले.
गोणपाटात सोळा तुकडे,
मोजले तर पंधरा.
ठोकून पाहिले, अजून वाजतात.
एकावर आतल्या अंगाला,
जिथं कुणाची नजर जायची नव्हती,
पेन्सिलीनं, दाबून, काना थोडा वाकडा:
डावी.

मी पुन्हा वाचलं.
बावा तर अंगठा लावायचा.