आठवड्याला एक

दिवाळे गावात, जेटीकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं मेडिकल आहे. दुपारी सुकटीचा वास
खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांतही शिरतो.

बामीबाय चिठ्ठी पुढे करते.
नाखवा जेटीवर घसरला, तेव्हापासून खाटेवर.
चाळीस वर्षं होडीवर वाळलेला माणूस,
आणि रिपोर्ट म्हणतो, अंगात ऊन कमी आहे.
मी चार गोळ्या कापतो. आठवड्याला एक.

"व्हिटॅमिन म्हंजी काय रं?"
ताकद, असं सांगून मोकळा होणार होतो,
पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

म्हटलं, लॅटिन शब्द आहे. विटा.
"विटा? बांदकामाच्या?"
नाही गं. जगणं. आपला जीव, तोच.
फार मागे दोघांचं मूळ एक होतं,
घशातून उचलायचं, ओठ गोल करून सोडायचं.
मग वाटणी झाली.
तिकडे गेले त्यांच्या वाट्याला ओठ आले.
आपण ते टाळूला लावलं.

ती हळूच म्हणून बघते: जी. व.
दात खालच्या ओठाला टेकतात, तिथेच राहते जरा वेळ.

"आन मागचं मिन?"
ती चूक. ज्याने नाव ठेवलं त्याला वाटलं
सगळ्यांत एकच रसायन असणार. नव्हतं.
मग शेपटाचं एक अक्षर छाटलं,
बाकी नाव तसंच चालू ठेवलं.

"आमच्या होडीवानी," बामीबाय म्हणते.
"रंगाऱ्यानं एकविराचं एकवरा लिवलं.
नाखवा म्हनला, ऱ्हाऊ दे,
दर्याला कुठं वाचता येतं?
वीस वरसं गेली. गावायचं ते मावरं गावलं."

महिन्याने आली ती हसतच.
गोळ्या त्याने खाल्ल्याच नव्हत्या,
एकेक सोमवारी खिडकीतून खाडीत.
"सगला जीव तिकडंच गेला बग,"
आणि काउंटरवर ओली पिशवी ठेवली. जिताडा.

मी त्या जि-वर अडकलो.
हाही त्याच घरातला असेल का?
कॉलेजच्या वहीत एवढं नव्हतं,
आणि विचारावं असं आता कुणी राहिलं नाही.

पुन्हा चार कापल्या.
सुटे नाहीत म्हणाली. राहू दे म्हटलं.
पिशवीत कल्ला एकदा उघडला.