तारखेची जागा

सान मारिनो नावाचा देश आहे, सुलनबाई,
अजिंक्यताऱ्यासारख्या एका डोंगरावर.
तिथं प्रमुख दोन, एकाच वेळी,
आणि फक्त सहा महिने.
मग उतरायचं. उतरल्यावर
कुणीही उठून त्यांच्यावर तक्रार मांडू शकतं.

सरपंच सुलन बुधावले
रहिवासी दाखल्यांवर शिक्के मारत होत्या.
आमचंबी ठरलंय की, भाऊसाहेब :
सव्वा वर्ष माझं,
मग वरच्या आळीचं.

शाई संपत आलेली. एक शिक्का
अर्धाच उमटला.

बरं, तिथं राजीनामा
निवडून यायच्या आधीच लिहून घेत्यात का,
तारखेची जागा मोकळी सोडून?
माझा दहिवडीत हाय,
बापूंच्या कपाटात, पासबुकाखाली.

मी पान उलटलं.
किल्ल्याचा फोटो होता नुसता.