तिसरी डिस्क

नीता निकुरे तळोधीहून आली तेव्हा
लॅपटॉप साडीच्या पिशवीत होता,
वरून टॉवेल गुंडाळलेला,
तापातल्या पोराला आणावं तसा.
"काळा पडदा येते जी,
मंग पांढरी रेघ लुकलुकते, अन् बस."

मी बटन दाबलं. काळा पडदा आला,
मग पांढरी रेघ लुकलुकली.

तुळशीचं लगन होऊन आठ दिवस झालेले.
बत्तीस लग्नपत्रिका तिच्या डोक्यावर,
त्यातल्या अकरा जणांचा ॲडव्हान्स
किराण्यात गेलेला.

कंपनी मशीनच्या पोटात एक चोरकप्पा ठेवते,
बियाण्याचं मडकं ठेवतात तसा,
सगळं बुडालं तर पुन्हा पेरायला.
दोन वर्षांमागे हार्ड डिस्क बदलताना
तो मीच घालवला होता.
तेव्हा तिला विचारलं नव्हतं. आताही बोललो नाही.
"घेतला तेव्हा डिस्का केल्या होत्या का?"

केल्या होत्या. चार.
नवऱ्यानं अख्खी दुपार बसून,
लाल मार्करनं आकडे टाकून, आकड्याभोवती गोल.
पिशवीतून निघाल्या तीन:
एक, दोन, चार.

एक गेली. दोन गेली.
मग पडद्यावर आलं, तीन टाका.
चार टाकली.
तीन टाका.
आमच्या तहसीलीत इतकं सरळ
कोणी वागलेलं मला आठवत नाही.

तिनं दिराला फोन लावला, स्पीकरवर.
"चकाकते ते? ते तं जामाच्या झाडाले बांधली ना, वहिनी.
पोपट लय येऊन रायले होते."

दीड तासानं हिरामण मोटरसायकलवर आला,
डिस्क शर्टाच्या खिशात, सुतळीसकट.
एका अंगाला पाखराची शीट,
दुसऱ्या अंगाचे रंग विटून थंड चहावरच्या सायीसारखे.
आकडा उन्हानं पुसलेला,
नुसता गोल राहिलेला, फिका.

टूथपेस्ट लावून पुसली,
मधातून काठाकडे, सरळ, गोल गोल नाही.
हे मी बल्लारशाच्या एका सीडीवाल्याकडून शिकलो,
त्याचं दुकान आता मोबाइल कव्हरचं आहे.

ड्राइव्ह घरघरला, थांबला, मागे आला,
म्हैस नाल्यात उतरताना करते तसं.
एकाहत्तर टक्के.
चहा आला, कोणी हात लावला नाही.
एकाहत्तर.
हिरामण म्हणाला, "दोन महिने एक पोपट नाही आला जी त्या झाडावर."
जणू ते ऐकूनच
बहात्तर झाले.

सहाच्या सुमारास निळा उजेड पडला.
मशीनला वाटत होतं आज दोन हजार दहा आहे.
त्यानं नाव विचारलं.
मागल्या वेळी नवऱ्यानं स्वतःचं टाकलं होतं,
आणि तो सुरतेला गेला, फोन बंद झाला,
तरी रोज सकाळी पडदा त्याच्याच नावानं
स्वागत करायचा. तिचं. कॉम्प्युटरपुढे बसून.

बोटं जरा वेळ कीबोर्डवर थांबली.
मग तिनं टाकलं: दुकान.

पेनड्राइव्हवरची पत्रिका उघडून पाहिली.
फॉन्ट गेलेला.
गणपतीखाली कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं,
चि. आणि सौ. कां. दोघंही प्रश्नचिन्ह.
मी कपाळाला हात लावला.
ती वाकून पाहत राहिली, म्हणाली,
"हे लोनवाहीच्या गहाण्याची होय."
ओळींच्या लांबीवरून ओळखलं तिनं.

फॉन्ट माझ्याकडे होता, टाकून दिला.
डिस्कची कॉपी काढून ठेवू म्हटलं,
तर कोऱ्या डिस्का दुकानात चार वर्षांपासून नाहीत.
हिरामणनं ती खिशात घातली,
सुतळी ओवायचं भोक तसंही कंपनीनंच पाडलेलं.

पाचशे होतात. मी दोनशे घेतले.
"काऊन कमी?" तिनं विचारलं.
चोरकप्प्याचं तेव्हाही नाही बोललो.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरजवळ
तिनं पिशवीभर जाम पाठवले.
अर्धे टोचलेले.
पोपटांना एक दुपार पुरली होती.