ऊन उतरू द्या

बांभोरीच्या टेकडीवर, मे महिन्यात,
भिंतीवरचा पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना
मी बत्तीस अंशांवर प्रबंध लिहिते आहे.

आहे ते इतकंच: सिलिकाचे दाणे,
गिरणेच्या वाळूचे लांबचे, नीटनेटके नातलग,
आणि दाण्यादाण्यावर मी उगवलेली पॉलिमरची लव,
तीन महिने, नायट्रोजनखाली, दोनदा फसून.

बत्तीसच्या खाली ही लव पाण्यात हातपाय पसरते,
रात्री धाब्यावर गोधड्या टाकून
अख्खी गल्ली पसरते तशी.
बत्तीसच्या वर अंग चोरते,
पाण्याकडे पाठ करते, दारं लावून घेते,
आणि जो तेलकट रेणू तेवढ्यात आत आला असेल
त्याला म्हणते, बसा हो,
या उन्हाचं कुठे निघालात?

सावद्याची माझी मामी पाहुण्याला अशीच धरते.
आमच्याकडे याला धारणकाळ म्हणतात.
मामीकडे शब्द नाही, ताक आहे.

जहरी द्रावकं नकोत, नुसतं पाणी.
तापवा, धरतं. निववा, सोडतं.
कागदावर फार सोपं.

मंगळवारी पावणेदोनला चिलर बसला.
पंप इन्व्हर्टरवर धापा टाकत राहिला.
पहिलं शिखर आलं, दुसरं आलं,
तिसरं, टेस्टोस्टेरॉनचं, येईचना.
पडद्यावर सपाट रेघ,
नांगरून ठेवलेल्या रानासारखी गप्प.

बडगुजर अप्पा इथे काचसामान धुतात.
त्यांनी कॉलमला हात लावून पाहिला,
पोराच्या कपाळाला लावावा तसा:
"ताई, तुमनी नळी तापी गयी."
तापी.
मला आधी नदीच ऐकू आली.

मग त्यांनी माठाभोवतीचं ओलं गोणपाट सोडलं,
माझ्या नळीला गुंडाळलं, सुतळीच्या दोन गाठी,
वरून तांब्याभर पाणी.
खिडकीतून आलेली झळ
त्यातून जाता जाता स्वतःच निवली.

सदतीस. चौतीस.
एकतीसला लव उलगडली असावी,
मला ती कधीच दिसत नाही;
रेघ जरा हलली, मग चढायला लागली,
एक रुंद, आळसावलेला, एका अंगाला कललेला डोंगर,
कुठलंही नियतकालिक छापणार नाही असा.

वहीत "थंड करण्याची पद्धत" यापुढे मी लिहिलं:
ओलं गोणपाट, सुतळी.
सर खोडतील.

पाच वाजता अप्पांनी गोणपाट परत मागितलं.
माठातलं पाणी तोवर कोमट झालेलं.
आम्ही तेच प्यालो.